चित्राखाली किंमत लिहा

3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. त्या दिवशी तालुक्याच्या गावी शाळेच्या हॉलमध्ये दिव्यांग मुलामुलींची चित्रं लागतात. भिंतीला सेलोटेपने चिकटवलेली कार्डशीटं, समोर खुर्च्या, टेबलावर हारतुरे. पाहुणे फीत कापतात, ‘हात नसताना किती सुंदर काढलंय!’ म्हणतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात. दुपारी हॉल रिकामा करायचा असतो, म्हणून चित्रं भराभर उतरवली जातात आणि टेपबरोबर कागदाचे कोपरेही निघून येतात. हे चित्र केवढ्याला, असं मात्र कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं या एका प्रश्नापुरतंच आहे.

तोंडाने चित्र काढणाऱ्याचं काम जवळून पाहावं. कुंचल्याचा दांडा लांब लागतो, नाहीतर डोळे कागदाच्या इतके जवळ येतात की रेघ नीट दिसत नाही. दांडा दातांत धरायचा, बारीक वळण ओठांनी आणि जिभेने द्यायचं, लांब रेघ हवी तर अख्खी मान फिरवायची. थोड्या वेळात जबडा आणि मान भरून येते. चित्र एकूण कसं जमलंय हे बघायला मागे सरकावं लागतं आणि व्हीलचेअर मागे ओढायला बहुतेक वेळा दुसरं माणूस लागतं. पायाने काढणारा कुंचला अंगठा आणि शेजारच्या बोटात धरतो. त्याचा कागद जमिनीवर किंवा उतरत्या फळीवर असतो. या कष्टांचं कौतुक सगळेच करतात. पण आभाळ कोरं का सोडलं, बैलाच्या पाठीवर तो निळा का टाकला, हे चित्रकाराला विचारायला कुणी थांबत नाही.

जर्मन चित्रकार एरिक स्टेगमान यांचे हात लहानपणीच पोलिओने गेले. ते तोंडाने चित्रं काढत. 1950च्या दशकात त्यांनी तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्यांची संघटना उभी केली. ती लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या देशातून चालते आणि भारतातले चित्रकारही तिच्याशी जोडलेले आहेत. चित्रांवरून भेटकार्डं आणि कॅलेंडरं छापायची, ती विकायची आणि त्यातून चित्रकारांना मानधन द्यायचं, ही तिची रीत. शिकाऊ चित्रकाराला विद्यावेतन मिळतं. पूर्ण सदस्य व्हायचं तर चित्र धडधाकट चित्रकाराच्या तोडीचं असावं लागतं. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात त्या माणसाच्या कलेविषयी खरा आदर आहे.

आपल्याकडे वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी अशाच आदराचा आग्रह धरला होता. तिथे कुष्ठमुक्त आणि अपंग माणसांच्या हातची भेटकार्डं आणि वस्तू विकल्या जातात, आणि डॉ. विकास आमटे यांनी उभ्या केलेल्या ‘स्वरानंदवन’च्या वाद्यवृंदाने गावोगावी रंगमंच गाजवले आहेत.

खानदेशातल्या दिव्यांग मुलाला घरचे सांगतात ते सरकारी नोकरीचं. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प अशा मुलांना स्पर्धा परीक्षांसाठी तयार करतो आणि ते काम मोठंच आहे. पण ज्याचा जीव रंगांत आहे, त्याने कुठे जावं? शाळेत त्याने चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षा दिलेली असते. त्यापुढे वाट दाखवणारं कुणी भेटत नाही.

अशा चित्रांसाठी जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल मला योग्य गाव वाटतं, आणि त्याला कारण आहे. पांडववाड्यामुळे आणि एकचक्रानगरीच्या कथेमुळे गावाचं नाव सर्वांना ठाऊक आहे. पण हे गाव एके काळी हातकागदासाठीही नावाजलेलं होतं. जाडाभरडा देशी कागद इथे बनायचा आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही तो धंदा थोडाफार टिकून होता, अशी नोंद इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्ये आहे. हातकागदावर जलरंग वेगळाच बसतो आणि घडी घातली की भेटकार्डही होतं. दिव्यांग चित्रकारांची कार्डं अशा कागदावर निघाली, तर गावालाही आपली जुनी ओळख परत मिळेल.

पैशांचं काय, हा प्रश्न येणारच. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 29 मध्ये दिव्यांग कलावंतांना सुविधा, साहाय्य आणि प्रायोजकत्व देणं ही सरकारची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी सांगितली आहे. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्यातून सायकली, साहित्य, रोख मदत दिली जाते, तशा चित्रांच्या चौकटीही करून देता येतील. प्रदर्शन किमान आठवडाभर चालावं. चित्रं जरा खालच्या उंचीवर टांगावीत आणि दाराशी उतार असावा, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचा चित्रकार आपलं चित्र स्वतः जाऊन पाहू शकेल. खालच्या चिठ्ठीवर आधी चित्राचं नाव, मग चित्रकाराचं, मग किंमत. अपंगत्वाचा उल्लेख करायचा की नाही, ते चित्रकारावर सोडावं.

आणि हॉल मिळेना, तर एरंडोलजवळचं पद्मालय आहे. अंगारकीला गणपतीच्या दर्शनाला तिथे मोठी गर्दी लोटते. नारळ, प्रसाद आणि खेळण्यांच्या दुकानांच्या ओळीत कार्डांचं एक टेबल सहज मावेल. मागे चित्रकार स्वतः बसलेला असावा आणि सुट्टे पैसेही त्यानेच मोजून द्यावेत.