आखाड्यावरची बाज

परभणीहून जिंतूर, मानवत, पूर्णा कुठल्याही रस्त्यानं निघा, शिवारात दूरदूर पत्र्याची छपरं दिसतात. हे आखाडे. घर गावात असलं तरी बैलबारदाना, औतं, स्प्रिंकलरचे पाइप, खताच्या गोण्या आणि सुगीत वेचलेला कापूस आखाड्यावरच असतो. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची येते, म्हणून गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला घरचं कुणीतरी किंवा सालगडी तिथंच मुक्काम करतो. अलीकडे अनेकांनी पत्र्याच्या शेडशेजारी एक पक्की खोलीही काढली आहे. पुण्या-संभाजीनगरला नोकरीला असलेली मुलं सुट्टीत आली की दोन दिवस मळ्यात राहायचं म्हणतात. मग प्रश्न येतो, या खोलीत झोपायला काय घ्यायचं?

तालुक्याच्या दुकानात प्लायवूडचा बॉक्स-बेड हप्त्यावर मिळतो, लोखंडी पाइपाचा पलंगही मिळतो. पण आखाड्यासाठी ज्या वस्तूवर पिढ्यान् पिढ्या विचार झाला आहे, ती म्हणजे बाज. चार खूर, चार आडवी लाकडं आणि दोर, एवढाच तिचा संसार. तरीही इथली जमीन, हवा आणि राहणी यांना ती जशी पुरी पडते, तसं दुसरं काही पडत नाही.

सुरुवात जमिनीपासून करू. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यातली आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवरच्या खोलीची फरशी काही वर्षांत कुठं उचलते, कुठं खचते. पक्क्या सांध्यांचा जड पलंग मग तीन पायांवर उभा राहतो आणि कूस बदलली की डुगडुगतो. बाजेची चौकट दोरामुळे किंचित पिळते आणि चारही खूर आपोआप जमिनीला टेकतात. अंगणात, खळ्यावर, लिंबाखाली, कुठंही टाका, तिला पाचर लागत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. उन्हाळ्यात परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो, तर हिवाळ्यात दहाच्या खाली उतरतो. पत्र्याखाली मे महिन्यात रात्रीही झोप येत नाही. बाज एकटा माणूस उचलून बाहेर नेऊ शकतो. विणीतून खालून वारा लागतो, पाठ घामेजत नाही. थंडीत तीच बाज आत घ्यायची, वर वाकळ अंथरायची, अंगावर घोंगडी ओढायची. ऋतूप्रमाणे झोपण्याची जागा बदलणं हा आखाड्यावरच्या राहणीचाच भाग आहे. भिंतीत बसवलेल्या किंवा उचलता न येणाऱ्या पलंगाला ते जमत नाही.

तिसरी गोष्ट जिवाची. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला बऱ्याचदा झोपेतच चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, त्यामुळे वेळेवर कळतही नाही. गुडघाभर उंचीची बाज आणि तिच्या कडेखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, आखाड्यावर झोपणाऱ्याला याहून स्वस्त संरक्षण नाही. बाजेखाली सगळं मोकळं असतं. झाडू फिरतो, बॅटरीचा उजेड पडतो, विंचू-किडा दिसतो. बॉक्स-बेडच्या पोटात अंधार असतो. तिथं उंदीर शिरतात आणि उंदरांमागं साप येतात.

आता बाज घडते कशी ते पाहू. परभणी जिल्ह्यात जंगल थोडं आहे, ते मुख्यतः जिंतूरकडच्या आणि गंगाखेडकडच्या डोंगरांत. साग बहुतेक बाहेरून येतो. बांधावर आपसूक वाढते ती बाभळ. जड, चिवट लाकूड, म्हणून बैलगाडीच्या चाकापासून औतापर्यंत तिचाच वापर होई. बाजेचे खूर बाभळीचे असावेत. लाकूड कापल्यावर जाणता सुतार ते काही आठवडे पाण्यात मुरवतो. त्यानं लाकडातला गोडवा निघून जातो आणि किडा धरत नाही. मग सावलीत वाळवून वाकसानं तासायचं. गाभ्याचं लाकूड तांबूस असतं, तेच टिकतं. बाहेरचा पांढुरका भाग राहिला तर दोन-तीन वर्षांत खुरातून पिठी गळू लागते.

आडव्या लाकडांना गाती म्हणतात. प्रत्येक खुराला पटाशीनं दोन भोकं पाडतात, एक लांबीच्या गात्यासाठी, एक रुंदीच्या. दोन्ही टोकं आत एकमेकांना अडवू नयेत म्हणून भोकं थोडी वरखाली असतात. टोक घट्ट ठोकून बसवलं की झालं, खिळा नाही, सरस नाही. विणलेल्या दोराचा ताणच चौकट आवळून धरतो. माणूस बसला की दोर गात्यांना आत ओढतो आणि सांधे आणखी घट्ट होतात. लाकूड झिजलं तर एक गातं काढून दुसरं घालता येतं, बाकीची बाज तशीच राहते.

दोर पूर्वी अंबाडीचा असे. कापसा-ज्वारीच्या कडेनं अंबाडी लावायची, कोवळ्या पानांची भाजी खायची, पुढं काड्या ओढ्याच्या डोहात भिजत घालायच्या. कुजल्यावर साल सोलून वाख काढायचा आणि उरलेल्या सनकाड्या चुलीला लावायच्या. वाखाचा दोर वळण्याचं कसब परंपरेनं मातंग समाजानं जपलं. गावगाड्यात सुताराप्रमाणे त्यांनाही या कामाचं बलुतं खळ्यावर धान्यरूपात मिळे. ते देणं अनेकदा तुटपुंजं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

विणताना पायथ्याकडे वीतभर जागा सोडून एक आडवा दोर बांधतात. वीण त्याच्यापर्यंत येते आणि उरलेल्या जागेत ताणाचा वेगळा दोर आडव्या दोरातून पायथ्याच्या गात्यावर फिरवतात. बाज सैल पडली की तेवढाच दोर ओढून बांधायचा, पुन्हा ताठ. हे काम पाच मिनिटांचं असतं आणि घरातलं पोरही ते शिकतं. वापरता वापरता दुरुस्त करता येणं हा या वस्तूचा सर्वांत मोठा गुण आहे.

आज बाजारात नायलॉनचा दोर सर्रास मिळतो. तो कुजत नाही, पण अंगाला रुततो आणि सतत उन्हात राहिला की ठिसूळ होतो. अंबाडीचा किंवा तागाचा दोर मिळाला तर उत्तम, फक्त पावसात भिजवू नये. भिजला की आवळतो, चौकट पिळते आणि वाळल्यावर सैल पडतो. तिसरा पर्याय सुती नवारीचा. ती मऊ असते, उसवून धुता येते आणि म्हाताऱ्या माणसांना सोसते. ढेकूण हा बाजेचा जुना शत्रू. त्यावर उपाय म्हणजे कडक ऊन आणि सांध्यांवर उकळतं पाणी.

ही वस्तू आपल्या एकट्याची नाही. उत्तरेत तिला चारपाई म्हणतात. चौदाव्या शतकात दौलताबादला राहून गेलेला इब्न बतूता आपल्या प्रवासवर्णनात हिंदुस्थानी खाटेची आवर्जून नोंद करतो. ती इतकी हलकी असते की एक माणूस उचलतो, आणि तिची वीण मुळातच लवचीक असल्यानं वेगळं काही लागत नाही, असं तो सांगतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात हातानं विणलेल्या अशाच खाटेची ९९० डॉलरची जाहिरात झळकली होती. आपल्याकडे तीच वस्तू अडगळीत उभी करून ठेवलेली असते.

खोलीत बाकी फार काही लागत नाही. भिंत बांधतानाच दोन कोनाडे ठेवावेत, कपड्यांसाठी बाभळीच्याच खुंट्या ठोकाव्यात, धान्य-कपड्यांना एक पत्र्याची पेटी आणि बियाण्याची पिशवी टांगायला एक शिंकं. भिंतीला लागून प्लायवूडचं कपाट उभं केलं तर वाळवी ते शोधतेच.

बाज घ्यायची तर तयार घेऊ नका, सांगून करून घ्या. घरातल्या सर्वांत उंच माणसाला आडवं झोपवून माप द्या. रुंदी साडेतीन फूट ठेवली तर कूस मोकळी होते. उंची गुडघ्याएवढी असू द्या, म्हणजे वडीलधाऱ्यांना हाताचा आधार न घेता उठता येतं. खूर तांबूस गाभ्याचेच मागा आणि लाकूड किती दिवस मुरवलं ते विचारा. विणून झाल्यावर एका कोपऱ्याला धरून उचलून पाहा, सांधा कुरकुरला तर तिथल्या तिथं परत द्या.

आणि घासाघीस करू नका. बाज करणारे सुतार आता पन्नाशी-साठीत आहेत, त्यांची मुलं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि मोड्युलर किचनकडे वळली आहेत. दोर वळणारे हात त्याहून कमी उरले. वर्षाकाठी चार बाजा सांगणारी गिऱ्हाइकं गावात असली तर हे काम चालू राहील. म्हणून आखाड्यावर खोली काढणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे, की पहिली बाज गावच्याच सुताराकडून करून घ्या आणि त्याच्या हाताला पुरेपूर मोल द्या.