बुजलेल्या अडीच पायऱ्या

हैदराबादेत तारनाक्याच्या एका आतल्या गल्लीतलं जुनं घर. चार पायऱ्यांपैकी आज दीडच दिसते. घर खचलेलं नाही. जुना थर न खरवडताच रस्त्यावर दर वेळी नवं डांबर पडत गेलं. "हौ, सडक चढ गई," गवंडी म्हणतो आणि प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरायला घेतो.

उंची मोजायचं त्याचं यंत्र एवढंच. आत बुडबुडा राहिला तर माप फसतं, म्हणून टिचक्या मारत तो हवा काढतो. एक टोक उंबऱ्याशी घरमालकांच्या हाती, दुसरं घेऊन स्वतः रस्त्याच्या मध्यावर. पाणी हलायचं थांबलं की टेप. उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत ७० सेंटिमीटर, रस्त्यापासून ९१. जोतं रस्त्याच्या वर उरलंय जेमतेम वीतभर.

वीतभर पुरेल?

१३ ऑक्टोबर २०२०च्या पावसात रामंतापूरचा तलाव भरून वाहिला आणि इथून उप्पलच्या वाटेवरच्या हब्सीगुड्यातल्या सखल गल्ल्या कित्येक दिवस पाण्यात राहिल्या. तारनाका त्या मानाने चढावर. पण चढावरच्या गल्लीतही रस्ता जोत्याच्या वर गेला, की पाणी उताराऐवजी दार शोधतं.

विम्याच्या कागदावर ही वीत नसते. एप्रिल २०२१पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर मूळ संरक्षणातच येतो. घरातल्या सामानालाही घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कवच आपोआप मिळतं. चटईक्षेत्र विचारतात, बांधकामाचा खर्च विचारतात. जोत्याची उंची सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या सरकारी पूरविम्यात मात्र ऑक्टोबर २०२१पासूनच्या नव्या पद्धतीत पहिला मजला जमिनीपासून किती वर, हे प्रत्येक घराच्या हप्त्यात धरलं जातं. आपली रीत सखल घराला सोयीची, कबूल. पण पदरचे पैसे घालून जोतं वाढवणाऱ्याच्या हप्त्यात त्यामुळे काही फरक पडत नाही.

जॅक लावून अख्खं घर उचलून देणारेही हल्ली मिळतात. घरमालकांनी चौकशी केली, आकडा ऐकला आणि विषय बदलला. आता फाटकाशी उंच उंबरा घालायचा आणि इन्व्हर्टर फळीवर चढवायचा, एवढंच ठरलंय.

नळी गुंडाळण्याआधी गवंडी आणखी एक माप घेतो. फाटकालगत घराची पाण्याची टाकी आहे, जमिनीखालची. इथे तिला संप म्हणतात. झाकण रस्त्याच्या चार बोटं खाली निघतं.