गाठीतला बदल, रक्तातला बदल

सकाळी ६.००
ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत पाणी याच सुमारास येतं. पाणी भरायचं, डबा करायचा आणि चर्नी रोडहून धीमी लोकल पकडायची. प्रभादेवीला उतरून चालत परळ. मेंदू आणि मणक्यातल्या गाठींचे रुग्ण ज्या रुग्णालयात येतात, तिथे मी जनुकीय समुपदेशक आहे.

८.४५
ओपीडीआधी फाइली वाचते. एका रिपोर्टवर ‘म्युटेशन’ शब्दाखाली कुणीतरी पेनाने दोनदा रेघ मारली आहे. या रेघेमागची भीती मी ओळखते.

९.३०
साताऱ्याकडचं जोडपं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलंय. नवऱ्याच्या मेंदूतल्या ग्लायोमा गाठीत आयडीएच-१ जनुकात बदल सापडला आहे. बायको विचारते, “ताई, पोरांचं रक्त तपासायचं का?”
नाही. हा बदल मेंदूतल्या एका पेशीत पुढे कधीतरी झाला, तो जन्माचा नाही आणि मुलांकडे जात नाही. उलट हा बदल असलेली गाठ सहसा हळू वाढते. त्यासोबत १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे हरवलेले असले, तर औषधं आणि रेडिएशनला ती अधिक चांगला प्रतिसाद देते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१चं वर्गीकरण गाठीला नाव देतानाच या खुणा पाहतं. हे ऐकून दोघं पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसतात.

११.००
पाच वर्षांची मुलगी. दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ, अंगावर चहाच्या रंगाचे डाग. मी तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढते: पुरुष चौकोन, बाई वर्तुळ. आजीपाशी येताच मुलीची आई बाही वर करून स्वतःचे डाग दाखवते. “सासूबाई म्हणतात, हे माझ्या माहेरचं.”
इथे बदल रक्तात आहे, सतराव्या गुणसूत्रावरच्या एनएफ-१ जनुकात. प्रत्येक बाळंतपणात तो मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, मग मूल मुलगा असो वा मुलगी. साधारण निम्म्या रुग्णांच्या घरात तर आधी कुणालाच आजार नसतो, बदल त्यांच्यातच नव्याने होतो. आपल्यातलं कोणतं जनुक मुलाला द्यायचं हे कुणी निवडत नाही. हे मी सासूबाईंना आत बोलावून पुन्हा सांगते, कारण ते सुनेपेक्षा त्यांनी ऐकणं जास्त गरजेचं आहे.

दुपारी २.३०
डॉक्टरांची संयुक्त बैठक. एका बाळाच्या लहान मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा आहे. या गाठीचे चार मुख्य गट आहेत. त्यातल्या डब्ल्यूएनटी गटाची मुलं सर्वांत चांगली बरी होतात. या बाळाची गाठ एसएचएच गटातली, आणि त्यातल्या काही मुलांत मूळ दोष जन्मजात असतो. टीपी५३ हे जनुक जन्मापासून बिघडलेलं असेल, तर रेडिएशनमुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. एका नळीभर रक्ताने उपचारांची दिशा बदलू शकते, म्हणून रक्त आजच पाठवायचं ठरतं.

४.००
फोन. शस्त्रक्रिया दुसऱ्या गावी झालेल्यांना मी एकच सांगते: नुसता रिपोर्ट नको, गाठीच्या तुकड्याचा मेणातला मूळ ब्लॉक घेऊन या. नव्या तपासण्या त्याच्यावरच होतात.

संध्याकाळी ७.३०
चाळीच्या गॅलरीत शेजारच्या काकू नातवाच्या हातातला मोबाइल दाखवून विचारतात, “याने गाठ होते ना गं?” २०११मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना ‘कर्करोगाची शक्यता आहे’ या गटात ठेवलं, तिथून ही भीती घरोघरी गेली. २०२४मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. पक्कं सिद्ध झालेलं बाह्य कारण म्हणजे डोक्यावर घेतलेलं रेडिएशन. इस्राएलमध्ये सुमारे १९५०च्या काळात डोक्यातल्या गजकर्णासाठी ते दिलेल्या मुलांत पुढे मेनिंजिओमा या गाठीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पण ज्या रुग्णाला उपचार म्हणून रेडिएशन हवंच आहे, त्याने या भीतीने ते टाळू नये.

९.३०
सकाळच्या त्या मुलीच्या आईने माहेरी पाठवायला चिठ्ठी मागितली आहे. तिच्या बहिणीसाठी सोप्या मराठीत लिहिते: लहान मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त फिकट तपकिरी डाग दिसले, तर डॉक्टरांना दाखवा. दरवर्षी डोळे तपासा. डाग असले म्हणजे गाठ होईलच असं नाही, आणि लग्न जुळवताना हे लपवण्यासारखं काही नाही.