नोट्स ग्रुपवर आल्या, डोक्यात कधी शिरणार? मोबाइलवरच्या अभ्यासाचं गणित समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनचा परिसर आणि जालना रोडच्या आतल्या गल्ल्यांत खोली करून राहणारे विद्यार्थी बरेच आहेत. कुणी गावाकडून शिकायला आलेलं, कुणी चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्ट करून पदवी पूर्ण करणारं. विद्यापीठ मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज तासाला बसणं प्रत्येकाला जमतंच असं नाही. अशा वेळी नोट्स, जुने पेपर, वेळापत्रक, शंका हे सगळं मोबाइलवर येतं.

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात. इतक्या पसरलेल्या विद्यार्थ्यांना जोडण्याचं काम व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि यूट्यूब करतात, हे खरंच. पण या ॲपवर अभ्यास नेमका किती होतो आणि धोका कुठे आहे?

कोणतं ॲप कशासाठी?

व्हॉट्सॲप : ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ सदस्य. एका वर्गाला पुरेसं. फाइल मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये साठते. वेळेत डाउनलोड केली नाही, तर काही दिवसांनी ती उघडत नाही. ‘कुणीतरी परत टाका’ हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर दिसतो, त्याचं कारण हे. शिवाय ग्रुपमधल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो.

टेलिग्राम : ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत सदस्य, चॅनलला मर्यादाच नाही. फाइल कंपनीच्या सर्व्हरवर राहते, त्यामुळे उशिरा आलेल्यालाही जुन्या नोट्स सापडतात. नंबर लपवता येतो. ही सोय जशी विद्यार्थ्याला, तशीच फसवणाऱ्यालाही.

यूट्यूब : समजलं नाही तर तोच भाग दहा वेळा पाहता येतो. पण पुढचा व्हिडिओ कोणता, हे तुमचा सिलॅबस ठरवत नाही. तुम्ही किती वेळ थांबाल, या अंदाजावर ॲप ते सुचवतं.

एक स्क्रीनशॉट, नऊ लाख परीक्षार्थी

ग्रुपवर आलेली गोष्ट खरी मानली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण २०२४ चं आहे. १८ जून रोजी देशभरात यूजीसी-नेट परीक्षा झाली. नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी ती दिली. पेपर आधीच फुटल्याचा दावा टेलिग्रामवरच्या स्क्रीनशॉटवरून पुढे आला आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षा रद्द झाली. सीबीआयच्या तपासात तो स्क्रीनशॉट फेरफार केलेला निघाला. तोवर उशीर झाला होता. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्यांना परीक्षा पुन्हा द्यावी लागली. प्रवास, खोलीभाडं, तयारी हा सगळा खर्च पुन्हा झाला.

परीक्षेच्या तोंडावर ‘पेपर मिळेल’, ‘गुण वाढवून देतो’ म्हणत पैसे मागणारे चॅनल याच भीतीवर चालतात. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र विद्यापीठाच्या परीक्षेचा पेपर फोडणं किंवा फिरवणं हा महाराष्ट्रात १९८२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवावं.

पुस्तकाची पीडीएफ फिरवली तर?

इथे दोन निकाल महत्त्वाचे आहेत. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रकरणांचे संच करून देणं कॉपीराइट कायद्यात बसतं, अशी न्यायालयाची भूमिका होती.

दुसरं प्रकरण टेलिग्रामचं. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंग यांची पुस्तकं आणि लेक्चर चॅनलवर परवानगीशिवाय विकली जात होती. ऑगस्ट २०२२ मध्ये याच न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी ॲड्रेस देण्याचा आदेश दिला. म्हणजे स्वतःच्या वहीतल्या नोट्स मित्राला पाठवणं वेगळं आणि कुणाचं अख्खं पुस्तक किंवा पैसे भरून घेतलेला कोर्स हजारोंना वाटणं वेगळं. ‘ॲडमिनचं नाव कुठे दिसतंय’ हा समज चुकीचा आहे.

व्हिडिओ पाहिला म्हणजे अभ्यास झाला?

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने छोटा उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं : लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

ग्रुपवरच्या अभ्यासाची अडचण इथे कळते. पीडीएफ सेव्ह केली, व्हिडिओ पाहिला, अंगठा दाखवला, की ‘झालं’ असं वाटतं. प्रत्यक्षात स्वतः आठवण्याची मेहनत झालेलीच नसते. याच ग्रुपचा उपयोग उलटाही करता येतो. रोज एकाने पाच प्रश्न टाकायचे, बाकीच्यांनी न बघता उत्तर लिहून फोटो पाठवायचा. खर्च शून्य, पण अभ्यास खरा.

मोबाइलवर शिकून क्रेडिट मिळतं का?

यूट्यूबवर पाहिल्याने नाही, पण ‘स्वयम्’वर मिळू शकतं. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या या पोर्टलवर शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क लागतं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार, एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे क्रेडिट ‘स्वयम्’मधून घेण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकतं. आयआयटींच्या एनपीटीईएल कोर्समध्ये साधारणपणे असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. नाव नोंदवण्याआधी तो कोर्स आपल्या अभ्यासक्रमात ग्राह्य आहे का, हे विभागप्रमुखांना विचारून घ्यावं.

हे लक्षात ठेवा

- वेळापत्रक, निकाल, फॉर्मची तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहूनच खरी माना. ‘फॉरवर्डेड’ परिपत्रकावर तारीख आणि जावक क्रमांक तपासा.
- नोट्स कुणी, कोणत्या वर्षाच्या सिलॅबसवर काढल्या, हे विचारा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रम बदलले आहेत.
- सूचनांचा आणि गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा. सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहू द्या.
- अनोळखी ग्रुपमध्ये कुणीही ॲड करू नये, यासाठी प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. मुलींनी हे आवर्जून करावं.
- वर्गात ज्याच्याकडे स्मार्टफोन किंवा रिचार्ज नाही, त्याच्यापर्यंत सूचना पोहोचली का, ते पाहा. फक्त ग्रुपवर टाकलेली सूचना त्याच्यासाठी दिलेलीच नसते आणि फॉर्मची तारीख चुकली तर वर्ष त्याचं जातं.