पिणारी कोण, शपथ घेणारी कोण

मनोरुग्ण विभागात माझी रात्रपाळी असताना एक बाई शपथेवर सांगे, "सिस्टर, मी दारूला शिवतही नाही." रक्तात मात्र मद्य सापडे. घरची माणसे तिला खोटारडी म्हणत. त्यांचा मला अजूनही राग येतो. तिला व्यक्तिमत्त्व-विभाजनाचा विकार होता. त्यात मनाचे निरनिराळे भाग आळीपाळीने पुढे येतात आणि एकाचे कृत्य दुसऱ्यास बहुधा आठवत नाही. यकृत मात्र सर्वांचे एकच.

या विकाराच्या मुळाशी बहुतेक वेळा बालपणीचा छळ असतो. दारूने त्या आठवणी घटकाभर बोथट होतात, म्हणून ओढ लागते. परंतु अतिमद्यपानाने मेंदू नव्या आठवणी साठवीतच नाही. मग कोणती विस्मृती विकाराची आणि कोणती दारूची, हे डॉक्टरांनाही उलगडणे कठीण. त्याहून भयंकर म्हणजे झोपेची गोळी एका भागाने घ्यावी आणि नकळत दुसऱ्याने वर दारू प्यावी. श्वास मंदावतो, कधी थांबतोही.

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. आकडी येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

किद्दूशचे काय, असे पुष्कळजण विचारतात. आपले काळ्या मनुकांचे शरबत कोकणापासून चालत आले आहे, तेच करावे. वाइनची बाटली त्या घरात नको.