टपालाने गेलेला रक्ताचा थेंब

'घरीच बोट टोचून काढलेलं रक्त टपालाने पाठवलं, तर वाटेत ते नासत नाही का?' एका वाचकाने विचारलं आहे. ओलं रक्त नासतंच. पण उन्हाळ्यातलं वाळवण ज्या कारणाने वर्षभर टिकतं, त्याच कारणाने वाळलेलं रक्तही टिकतं. पाणी गेलं की जिवाणूंची वाढ थांबते, प्रथिनांची मोडतोड मंदावते. संसर्गानंतर रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं ही तर मुळातच चिवट प्रथिनं. वाळलेला ठिपका प्रयोगशाळेत द्रावणात भिजवला की ती सुटून येतात आणि विषाणूच्या प्रथिनाला पूर्वीसारखीच चिकटतात.

2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी हेच केलं. कोविडचं निदान न झालेल्या स्वयंसेवकांना घरपोच संच गेले. संचातल्या शोषक टोकात मोजून 20 मायक्रोलिटर रक्त मावायचं. आठ हजारांवर नमुने तपासल्यावर अंदाज निघाला: जुलै 2020 पर्यंत नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णामागे जवळपास पाच जणांचा संसर्ग कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

या यशाचं श्रेय नव्या संचाला मिळालं. मला मात्र आठवतात ते बफेलोचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री. त्यांचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला फिनाइलकीटोनुरिया होता. या आजारात फिनाइलअलानिन हे अमिनो आम्ल रक्तात साचून मेंदूची हानी होते. जन्मताच कळलं तर आहार सांभाळून ती टाळता येते. म्हणून गथ्रींनी बाळाच्या टाचेतला थेंब टिपकागदावर वाळवून टपालाने मागवला. मग त्या कागदाची चकती थेट जिवाणूंच्या थाळीवर ठेवली. थाळीत जिवाणूंची वाढ रोखणारं रसायन असायचं. रक्तात फिनाइलअलानिन जास्त असेल तरच चकतीभोवती जिवाणू वाढत. महागडं यंत्र नाही की रक्त वेगळं करण्याची खटपट नाही! 1963 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. आपल्याकडे एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची तपासणीही असाच ठिपका वाळवून होते.

याउलट बोटाच्या थेंबातून शेकडो चाचण्या करण्याचं थेरॅनॉस या अमेरिकी कंपनीचं आश्वासन फसवं निघालं. गथ्रींची ही चाचणी मात्र थेंबाला एकच नेमका प्रश्न विचारत होती. संच मागवणाऱ्यांनी एवढं पाहावं: पहिला थेंब पुसून टाकावा आणि बोट पिळू नये, कारण पिळल्यावर ऊतींमधला द्रव मिसळून रक्त पातळ होतं. शिवाय हजारांत पन्नास जणांनाच संसर्ग झालेला असेल, तर बाकीच्या साडेनऊशे जणांत दोन टक्के चुकणारी चाचणीही एकोणीस जणांना उगाच 'पॉझिटिव्ह' ठरवते. सर्वेक्षणात ही चूक गणिताने वजा करता येते, एकट्या माणसाच्या अहवालात नाही.