गुरांच्या वाटेने वाळवंटात

मंडळी, समजा तुम्ही आठशे गुरांचा कळप हाकीत चालला आहात. पुढे वाळू, मागे वाळू. सकाळी एका विहिरीवरून निघालात आणि पुढची विहीर दिवसभराच्या चालीवर आहे. जनावरामागे ४० लिटर पाणी धरले तरी तिथे ३२ हजार लिटर उपसायचे आहे. आणि ती विहीर ढासळलेली निघाली तर? मागे फिरायचे, तर मागच्या विहिरीचे पाणी कालच गुरांनी पिऊन संपवलेले!

हा प्रश्न पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांना खरोखरच पडत असे. ज्या वाटेवर पडत असे, त्याच वाटेने आता लोक हौसेने जीपगाड्या घेऊन जातात. तिचे नाव कॅनिंग स्टॉक रूट. स्टॉक म्हणजे गुरेढोरे आणि रूट म्हणजे वाट. उत्तरेच्या हॉल्स क्रीकपासून दक्षिणेच्या विलुनापर्यंत तिची लांबी सुमारे १,८५० किलोमीटर आहे. मुंबईहून दिल्ली गाठून पुढे आणखी चारशे किलोमीटर जावे एवढी. डांबर नाही, खडी नाही. वाळूच्या नऊशेच्या आसपास टेकड्या चढायच्या आणि उतरायच्या. मध्ये माणसांची वस्ती अगदी तुरळक, तीही लहानशी.

तुम्ही म्हणाल, आपल्याला कशाला जायचे तिथे? खरे आहे. पण हल्ली गावोगावची मुले पर्थला नि मेलबर्नला नोकरीसाठी जाऊन राहिली आहेत. एखाद्या सुट्टीत पोरगा म्हणेल, "बाबा, चला वाळवंट पाहू." आणि गेला नाहीत तरी, ज्याने कधी लांबच्या बाजाराला गाडी-बैल नेले आहेत त्याला या प्रवासाच्या तयारीत ओळखीचे पुष्कळ सापडेल.

वाट झाली ती गोचिडांमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किंबर्ली भागाच्या पूर्वेकडच्या गुरांना गोचीड लागली आणि तिच्यामागून ताप आला. रोग दक्षिणेत पसरेल या भीतीने तिथली गुरे जहाजाने दक्षिणेकडच्या बंदरांत नेण्यास सरकारने बंदी घातली. मांस हवे होते दक्षिणेतल्या सोन्याच्या खाणींवर, आणि गुरे अडकली उत्तरेत. तेव्हा एका पशुपालक आमदाराने कल्पना काढली की गुरे वाळवंटातूनच चालवत न्यावीत, म्हणजे कोरड्या हवेत गोचीड वाटेतच मरून पडेल. आपल्याकडे गोठा धुऊन आणि धुरी देऊन दमलेल्या माणसाला ही युक्ती ऐकून गंमत वाटेल.

आल्फ्रेड कॅनिंग नावाच्या सरकारी भूमापकाने १९०६-०७ साली उंट घेऊन वाट शोधली. १९०८ ते १९१० या काळात विहिरी खणल्या गेल्या. बरोबर ३१ माणसे, ७० उंट आणि दुधा-मांसासाठी अडीचशेहून जास्त शेळ्या होत्या. एकूण ५१ विहिरींना नंबर मिळाले. त्या लाकडाने बांधून काढल्या, काठाशी गुरांसाठी लोखंडी डोणी ठेवल्या, हाताने उपसायला रहाट बसवला. शिवाय वर कप्पी लावलेला एक खांब होता. दोर कप्पीवरून घ्यायचा, उंटाला जुंपायचे, उंट पुढे चालला की बादली वर. म्हणजे आपली मोटच की! फक्त बैलांच्या जागी उंट आणि धाव सपाट. ऑस्ट्रेलियात उंट आणले गेले तेही आपल्याच बाजूने. १८६६ साली कराचीच्या बंदरातून शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे हाकणारे तिकडे गेले. सिंध, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान इथल्या त्या सगळ्या माणसांना तिथले गोरे लोक सरसकट 'अफगाण' म्हणत.

आता या कामाची वाईट बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिचा तुमच्या तयारीशी संबंध आहे. त्या उजाड मुलखात पाणी कुठे आहे हे कॅनिंगला कसे कळणार? ते ठाऊक होते तिथल्या मूळ रहिवाशांना. मार्टू आणि इतर लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत आले होते. कॅनिंगच्या माणसांनी त्यांना पकडून, गळ्यात साखळ्या घालून पाणी दाखवायला लावले. त्याच्याच तुकडीतल्या स्वयंपाक्याने याविरुद्ध तक्रार केली. १९०८ साली चौकशी आयोग बसला आणि कॅनिंग निर्दोष सुटला. त्या लोकांच्या पाणवठ्यांवर विहिरी बांधल्या गेल्या, त्याही अशा की पाणी ओढायला तीन दणकट माणसे लागावीत. मूळ मालक तहानलेला आणि पाणी त्याच्या डोळ्यांसमोर खाली! पुढे पुष्कळ विहिरींची मोडतोड झाली. १९११ साली पहिल्यांदा निघालेल्या कळपांपैकी एकाचे गुराखी ३७ नंबरच्या विहिरीपाशी मारले गेले. त्यांच्या कबरी तिथेच आहेत. १९३१ पर्यंतच्या वीस वर्षांत या वाटेने अवघे आठ कळप गेले.

१९२९ साली विल्यम स्नेल नावाच्या माणसाला दुरुस्तीसाठी पाठवले. त्याला दिसले की ज्या विहिरींचे पाणी रहिवाशांना सहज काढता येत होते, त्या शाबूत होत्या. मग त्याने विहिरींना शिड्या बसवल्या. शेवटचा कळप १९५९ साली गेला आणि वाट ओस पडली. १९६८ साली तीन भूमापकांनी ती पहिल्यांदा मोटारीने पूर्ण केली.

म्हणून जायचे तर पहिले काम परवान्याचे. या मुलखातल्या मोठ्या भागावर मार्टू लोकांचा हक्क न्यायालयाने २००२ साली मान्य केला. इतर भागांवर इतर समाजांचे हक्क आहेत. त्यांच्या जमिनीतून जायचे म्हणजे त्यांना विचारून, पैसे भरून आणि त्यांचे नियम पाळून जायचे. आपल्या बांधावरून कोणी न विचारता ट्रॅक्टर घातला तर आपण काय करतो? पाऊस-पूर झाला की वाटेचे तुकडे कधी कधी महिनोन्‌महिने बंद राहतात. तेव्हा निघण्याच्या आठवड्यात पुन्हा चौकशी करा. गाडी भाड्याने मिळेल असे मानू नका. बहुतेक भाड्याच्या गाड्या या वाटेवर नेऊ देत नाहीत.

हंगाम आपल्या उलटा. आपल्याकडे पेरणी चालू असते तेव्हा तिथे हिवाळा. मे ते ऑगस्ट हा काळ चांगला. रात्री बोचरी थंडी पडते, पण दिवसा काम करता येते. डिसेंबर-जानेवारीत पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा या वाटेचे नावही काढू नये.

आता पाणी. निघण्याआधी घरी ओट्यावर बसून, कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब करा. बाईमाणसांना यात बसवा, त्यांचा अंदाज आपल्यापेक्षा पक्का असतो. पिणे आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला ७ लिटर. दोन माणसांचे १४. दक्षिणेच्या विलुनाहून मधल्या कुनावारिट्जी वस्तीपर्यंत सुमारे हजार किलोमीटर, त्याला दहा दिवस धरा. गाडी मोडली तर म्हणून आणखी पाच. पंधरा दिवसांचे झाले २१० लिटर. वाटेत काही विहिरी दुरुस्त केलेल्या आहेत. २६ नंबरची १९८३ साली नव्याने बांधली, तिथे आजही बादली सोडून पाणी काढण्याचे सुख मिळते. पण हिशेबात ती विहीर धरू नका. आत एखादे जनावर पडून मेले असेल तर पाणी असूनही उपयोग नाही. चांगले दिसले तरी उकळूनच प्यावे.

डिझेल त्या हजार किलोमीटरांत कुठेही नाही. वाळूत गाडी खूप पिते. शंभर किलोमीटरला २० लिटर धरा आणि वर ४० लिटर शिल्लक, म्हणजे २४० लिटर. वस्तीवर डिझेल आहे की नाही हे आधी फोनवर विचारून घ्या. टँकर पोचला नसेल तर तुम्हीही अडकलात.

आता वजन मांडा. पाणी २१० किलो. डिझेल लिटरमागे किलोहून थोडे कमी, म्हणजे सुमारे २०० किलो. दोन माणसे १४०. जादा चाके दोन, ७०. धान्य, भांडी, अंथरूण, हत्यारे मिळून दीडशे. एकूण ७७० किलो. बहुतेक गाड्यांची क्षमता तेवढीच किंवा त्याहून कमी असते. इथेच पुष्कळ लोक फसतात. वाटते, गाडी दणकट आहे, चढवा टपावर! वाटेत पन्हाळी पत्र्यासारखी आडव्या वळ्यांची जमीन शेकडो किलोमीटर लागते. तिथे दिवसभर हादरे बसून शॉकअप गळतात, पाटे तुटतात, टपावरचा कॅरिअर मधोमध चिरतो. बैलगाडीत ओझे आखावर तोलून कसे भरायचे हे ज्याला कळते त्याने ही गाडी भरावी. जड सामान खाली आणि मध्यावर, टपावर फक्त हलके. खुर्च्या, गाद्या, चौथे पातेले घरी ठेवा. मागे ट्रॉली जोडण्याचा मोह तर मुळीच नको.

चाकांतली हवा कमी करणे ही वाळूतली मुख्य युक्ती. रस्त्यावर ३५-४० पौंड असेल तर वाळूत १८ पर्यंत, फारच मऊ लागली तर १५ पर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि उंटाच्या पावलासारखा वाळूवर टेकतो. हवा भरण्याचा छोटा पंप बरोबर हवाच, कारण खडकाळ जमीन आली की पुन्हा भरावी लागते. टेकडी चढताना समोरून कोण येतो ते दिसत नाही, म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूला उंच काठीवर झेंडी लावतात आणि बिनतारी संचावर आवाज देतात. पहिल्या खेपेला चढ जमला नाही तर चाके गरगर फिरवत बसू नका. आल्या चाकोरीतून सरळ मागे या, हवा आणखी थोडी काढा आणि पुन्हा चढा. रुतलेली गाडी ओढपट्ट्याने ओढताना पट्टा ट्रॉली अडकवायच्या गोळ्याला कधीही बांधू नये. तो गोळा तुटून तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि माणूस जागीच जातो. ओढण्यासाठी पक्का हूक असतो, तो वापरा, आणि बायका-मुलांना लांब उभे करा.

आणखी एक शत्रू गवत. स्पिनिफेक्स नावाचे टोकदार गवत सगळीकडे असते, त्यात राळेसारखा चीक असतो. त्याच्या काड्या नि बी गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरपाशी साचतात आणि तापून पेटतात. अशा आगीत गाड्या जळून खाक झाल्या आहेत. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावा आणि प्रत्येक मुक्कामाला, शक्य तर मध्येही, खाली आडवे होऊन हाताने गवत काढा. आग विझवण्याचे नळकांडे सीटजवळ ठेवा, सामानाखाली नको.

या सगळ्या कष्टात पाहण्यासारखे काय, असे विचाराल तर डुर्बा झऱ्याचे नाव सांगावे लागेल. लाल खडकांच्या घळीत बारमाही पाणी आणि झाडांची सावली. आठ दिवस वाळू खाल्ल्यावर तिथे पोचलेला माणूस दोन मुक्काम करतोच. पुढे मिठाचे प्रचंड सरोवर लागते. १८९७ साली फ्रँक हॅन हा प्रवासी गोड्या पाण्याच्या आशेने ओढ्यांच्या मागे मागे गेला आणि हाती खारे पाणी आले, म्हणून त्याने त्याचे नाव 'निराशा सरोवर' ठेवले. २०२० पासून त्याला कुम्पुपिंटिल हे मार्टू नाव अधिकृतपणे मिळाले. त्याच्या तळाखाली माणसे खाणारे लोक राहतात असे मार्टू मानतात आणि तिथे पाऊल टाकत नाहीत. आपणही टाकू नये.

एकटी गाडी घेऊन जाऊ नका. दोन तरी असाव्यात, आणि शक्य तर एकाच कंपनीच्या, म्हणजे फॅनबेल्ट किंवा चाक एकमेकांना चालते. साधा मोबाईल तिथे लागत नाही. उपग्रहावर चालणारा फोन आणि संकटात कळ दाबली की ठिकाण कळवणारे यंत्र, दोन्ही घ्या. आणि गाडी बंद पडली तर काहीही झाले तरी तिला सोडून चालत निघू नका. १९८६ च्या डिसेंबरात त्याच बाजूच्या वाळवंटात गुरांच्या मळ्यांवर काम करणाऱ्या दोन कोवळ्या पोरांची गाडी वाळूत रुतली. ती दोघे पायी निघाली आणि वाटेतच गेली. विमानातून पाहणाऱ्याला गाडी दिसते, झुडपाखाली पडलेला माणूस दिसत नाही. गाडीची सावली धरा, आरसा उन्हात चमकवा, ओल्या पाल्याचा धूर करा, पण गवतापासून लांब.

शेवटचे काम निघण्याच्या आदल्या रात्रीचे. एका कागदावर गाड्यांचे नंबर, माणसांची नावे, कोणत्या दिवशी कोणत्या नंबरच्या विहिरीवर मुक्काम आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचे, हे सगळे लिहून मागे राहणाऱ्या भरवशाच्या माणसाला द्या. ठरलेल्या ठिकाणी पोचलात की अंघोळीआधी त्याला फोन करा. तो विसरलात, तर तुम्ही हॉटेलात जेवत असाल आणि विमाने तुम्हाला वाळूत शोधत फिरतील.